उभ्या झाडाचे पैसे: कोस्टा रिकातल्या खासगी वनमालकांचं प्रकरण

कोस्टा रिकाच्या उत्तरेला, सारापिकी नदीच्या खोऱ्यात, आल्मेंद्रो नावाचा एक महाकाय वृक्ष वाढतो. त्याचं लाकूड इतकं टणक की कितीतरी वर्षं करवती त्याला दाद देत नव्हत्या. भोवतालचं रान साफ झालं, तिथे गुरांची कुरणं झाली, तरी आल्मेंद्रो जागच्या जागी उभे राहिले, कारण त्यांना पाडण्याची मेहनतच परवडत नव्हती. पुढे अधिक कठीण पाती आली आणि १९८०च्या दशकात ही झाडंही आडवी होऊ लागली. मोठा हिरवा मकाव, तिथल्या बोलीत ‘लापा वेर्दे’, याच झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि याच्याच फळांवर पोट भरतो. त्याची आणि या झाडाची गाठ अशी पक्की आहे.

यातली बरीच झाडं राष्ट्रीय उद्यानात नसून कुणाच्या ना कुणाच्या खासगी जमिनीत आहेत. प्रकरण इथून सुरू होतं. झाड पाडलं तर मालकाला लाकडाचे पैसे मिळतात, मोकळ्या जागेवर गवत वाढवलं तर गुरांचे मिळतात. झाड उभं ठेवलं तर नदीला पाणी मिळतं, पोपटाला घर मिळतं, खालच्या गावाला गाळ नसलेला प्रवाह मिळतो, आणि मालकाला काही मिळत नाही. १९९७ सालापासून कोस्टा रिकाने या शेवटच्या ओळीत बदल करायचा प्रयत्न चालवला आहे. खासगी वनमालकांना अर्थसाहाय्य देण्याच्या जगभरातल्या योजनांमध्ये या योजनेइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या कुणाची झाली असेल. मला ती महत्त्वाची वाटते ती तिच्या कौतुकासाठी नाही. मालकाच्या हातात पैसा ठेवला की नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे तिच्यात स्वच्छ दिसतं म्हणून.

जंगल तोडणं ही ‘सुधारणा’ होती

कोस्टा रिका हा जेमतेम ५१,१०० चौरस किलोमीटरचा देश. १९४०च्या सुमारास त्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता असं मानलं जातं. १९८७चा नेहमी सांगितला जाणारा आकडा २१ टक्के आहे. हा आकडा दाट छत्राच्या, म्हणजे वरून फांद्या-पानांनी झाकलेल्या, जंगलाचाच असल्याने तो कमी दिसतो, विरळ आणि पुन्हा उगवलेलं रान धरलं तर चित्र थोडं बरं होतं, असे आक्षेप त्यावर आहेत आणि ते रास्त आहेत. पण घसरणीबद्दल दुमत नाही.

ती कुणा दुष्टाच्या करणीने झाली नाही. पडीक जमिनीवर हक्क सांगायचा तर ती आपण कसतो हे दाखवावं लागे, आणि कसल्याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे तोडलेलं रान. कायद्याच्या भाषेत त्याला ‘मेहोरास’, म्हणजे सुधारणा, म्हणत. जंगल राखणारा आळशी ठरायचा आणि जंगल साफ करणारा उद्योगी. त्यात १९६० आणि १९७०च्या दशकांत अमेरिकेला गोमांस निर्यात करण्याची लाट आली. गुरांसाठी बँका स्वस्त कर्ज देत होत्या. उभ्या जंगलावर कर्ज देणारं कुणी नव्हतं. शेतकऱ्याने हिशेब केला आणि त्याचा हिशेब बरोबरच होता.

पुढे गोमांसाचे भाव पडले, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देश कर्जाच्या गर्तेत गेला आणि कुरणांची चलती ओसरली. डोंगरउतारावरची कितीतरी कुरणं ओस पडली आणि त्यांवर रान परत उगवू लागलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण योजना सुरू होण्याच्या आधीच जंगलाची घसरण मंदावली होती. योजनेचं यश मोजताना याच मुद्द्यावर पुढे मोठा वाद झाला.

आधीचे प्रयत्न

सरकार हातावर हात धरून बसलं नव्हतं. १९६९ साली पहिला वनकायदा आला. १९७९पासून झाडं लावणाऱ्यांना प्राप्तिकरात सवलत मिळू लागली. पण सवलत कुणाला उपयोगी? ज्याला कर भरावा लागतो त्याला. छोट्या शेतकऱ्याचं उत्पन्न मुळात करपात्रच नव्हतं, त्यामुळे सवलतीचा लाभ कंपन्यांच्या आणि बड्या जमीनदारांच्या पदरात पडला. १९८६मध्ये वनप्रमाणपत्रं आली. झाडं लावली की सरकार एक कागद देई, त्याने स्वतःचा कर भरता येई किंवा तो दुसऱ्या करदात्याला विकता येई. १९८८मध्ये त्याचंच आगाऊ मिळणारं रूप छोट्या शेतकऱ्यांसाठी काढलं. रोपं, खड्डे, मजुरी यांचा खर्च पहिल्या दिवशी असतो आणि प्रमाणपत्र कामानंतर मिळतं, ही साधी अडचण ओळखायला दोन वर्षं लागली होती.

या सगळ्या योजनांची नजर लागवडीवर होती. जो जुनं जंगल राखून होता, त्याच्यासाठी त्यात रकाना नव्हता. त्यातली विसंगती इतकी उघडी होती की सांगायला संकोच वाटतो: जंगल तोडलेल्याला पुन्हा झाडं लावायला पैसे, आणि न तोडलेल्याला शून्य. १९९५मध्ये जंगलाच्या रक्षणासाठी म्हणून पहिलं प्रमाणपत्र निघालं, तेव्हा हा रकाना तयार झाला. पुढच्याच वर्षी सगळी मांडणी बदलली.

१९९६चा कायदा: एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने मोबदला

१९९६चा वनकायदा, क्रमांक ७५७५, या प्रकरणाचा कणा आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आणि त्या सुट्या करून वाचल्या की योजना समजत नाही.

पहिली गोष्ट, कलम १९. खासगी जमिनीवरच्या जंगलाचा वापर बदलायला बंदी. घर किंवा राष्ट्रहिताचं काम असे ठरावीक अपवाद सोडले तर जंगलाचं कुरण करता येणार नाही. जंगल म्हणजे काय, तेही कायद्याने मोजून दिलं: दोन किंवा अधिक हेक्टर, सत्तर टक्क्यांहून जास्त छत्र, आणि छातीच्या उंचीवर पंधरा सेंटिमीटर किंवा अधिक व्यासाची हेक्टरी साठाहून जास्त झाडं.

दुसरी गोष्ट, चार सेवांची नोंद. हरितगृह वायू शोषून धरणं, पाण्याचं रक्षण, जैवविविधतेचं रक्षण आणि निसर्गसौंदर्य. खासगी जंगल या चार सेवा समाजाला देतं, म्हणून समाजाने त्यांचा मोबदला द्यावा. योजनेचं स्पॅनिश नाव ‘पागो पोर सेर्विसिओस आंबिएन्तालेस’, पर्यावरणीय सेवांचा मोबदला. पैसे वाटण्यासाठी ‘फोनाफिफो’ हा राष्ट्रीय वनवित्त निधी.

‘अनुदान’ या शब्दाऐवजी ‘मोबदला’ हा शब्द येण्यामागे तत्त्वाइतकीच व्यवहाराची गरज होती. त्या काळात कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था अनुदानं बंद करा असा आग्रह धरत होत्या आणि वनक्षेत्राची अनुदानं त्या यादीत होती. पण शब्द बदलला की माणसाची जागाही बदलते. अनुदान घेणारा हात पसरून उभा असतो. मोबदला घेणारा काहीतरी देऊन उभा असतो. माझ्या मते या योजनेने मालकांना दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट ही आहे. जंगल राखणं हे काम आहे आणि कामाचे पैसे मागायला लाज नाही, ही भावना त्यातून आली.

आणि बंदी? नुसती बंदी घातली असती तर सगळा भार मालकावर पडला असता. फायदा देशाचा आणि तोटा एका कुटुंबाचा, असा कायदा कागदावर टिकतो, रानात टिकत नाही. रात्री कुऱ्हाड चालते, नाहीतर वणवा ‘आपोआप’ लागतो. मोबदल्याने त्या बंदीची किंमत वाटून घेतली. म्हणूनच या पैशाकडे कायद्याचं वंगण म्हणून पाहिलं तर तो जास्त नीट समजतो, असं मला वाटतं.

करार कसा होतो

जंगल राखण्याच्या करारासाठी मालकाकडे किमान दोन हेक्टर जंगल लागतं. वरची मर्यादा खासगी मालकाला ३०० हेक्टर, आदिवासी प्रदेशांना त्याहून बरीच मोठी. सुरुवातीला करार पाच वर्षांचा. त्या काळात मालकाने झाड तोडायचं नाही, गुरं आत सोडायची नाहीत, शिकार होऊ द्यायची नाही, आग लागू नये म्हणून पट्टे काढायचे आणि जंगल कराराखाली आहे हे सांगणारी पाटी लावायची.

मालक आणि निधी यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो: ‘रेहेंते’, म्हणजे परवानाधारक वनतज्ज्ञ. तो जंगल पाहतो, हद्द मोजतो, व्यवस्थापन आराखडा लिहितो आणि पुढे दर वर्षी अटी पाळल्या जातात का ते पाहून सही करतो. त्या सहीला कायद्याने शपथपत्राचं वजन आहे. खोटी सही केली तर परवाना जाऊ शकतो. गावोगाव सरकारी निरीक्षक फिरवण्याऐवजी देखरेखीची जबाबदारी अशी एका व्यावसायिकाच्या नावावर टाकली, आणि ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पण ती फुकट नाही. रेहेंतेची फी मालकाच्या मोबदल्यातून जाते आणि ती रकमेच्या १८ टक्क्यांपर्यंत असू शके.

सुरुवातीच्या वर्षांत जंगल राखण्याचा दर पाच वर्षांसाठी हेक्टरी सुमारे २१० डॉलर होता, म्हणजे वर्षाला ४२. पैसे कोलोन या स्थानिक चलनात मिळत. २००५च्या आसपास दर वर्षाला हेक्टरी ६४ डॉलरपर्यंत आला. लागवडीचा दर त्याहून खूप मोठा, आणि त्याची विभागणीही वेगळी: पहिल्या वर्षी ५० टक्के, मग २०, १५, १० आणि ५. जंगल राखणाऱ्याला मात्र दर वर्षी सारखा पाचवा हिस्सा. लागवडीचा खर्च आरंभी असतो आणि राखण्याचं काम रोजचं असतं, हा फरक इथे हप्त्यांतही दिसतो. पुढे शेतात आणि बांधावर लावलेल्या झाडांसाठी झाडामागे दर आला, आणि आपोआप उगवणाऱ्या रानासाठीही वेगळा वर्ग आला.

एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. चाळीस हेक्टर जंगल असलेला एक मालक धरा, दर ६४ डॉलर. पाच वर्षांचे १२,८०० डॉलर. रेहेंतेने पूर्ण १८ टक्के घेतले तर २,३०४ गेले. उरले १०,४९६, म्हणजे वर्षाला साधारण २,१०० डॉलर. कुंपण दुरुस्ती आणि आगपट्ट्यांची मजुरी यातूनच जायची. शिवाय जंगलाने शोषलेल्या कार्बनचे हक्क करारानुसार निधीकडे जातात, आणि राखीव जंगलाच्या कराराचा बोजा जमिनीच्या सरकारी नोंदीवर चढतो. मधेच जमीन विकली तर खरेदीदारालाही करार पाळावा लागतो.

हे पैसे कुटुंब चालवायला पुरतात का? नाही. गुरं चारायला जमीन भाड्याने दिली तर जे मिळेल त्याच्या आसपास जातात, आणि तेही नापीक उतारावर. सपाट, रस्त्याजवळच्या, पाणी असलेल्या जमिनीवर हा दर तोकडाच पडतो. २००० नंतर उत्तरेच्या मैदानात अननसाचे मळे झपाट्याने पसरले, आणि अननसाच्या उत्पन्नाशी ६४ डॉलर कशी झुंज देणार? जिथे जंगल तोडण्याचा मोह सगळ्यात मोठा, तिथे मोबदला सगळ्यात अपुरा. एकच दर साऱ्या देशाला लावला की हे होणारच. नंतर पाणलोटातल्या आणि संवर्धनातून सुटलेल्या पट्ट्यांना थोडा जास्त दर ठेवला गेला. ते योग्य दिशेचं पाऊल होतं, पण अंतर मोठं आहे.

कागद ज्याचा, पैसा त्याचा

या प्रकरणाचा मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग इथे आहे.

करार नोंदवायचा तर जमिनीची नोंद निर्विवाद हवी. कोस्टा रिकात पिढ्यानपिढ्या कसूनही नोंदणीकृत मालकी नसलेली कुटुंबं कितीतरी होती, विशेषतः दुर्गम भागांत, म्हणजे जिथे जंगल जास्त शिल्लक होतं तिथेच. त्यांना पहिल्या वर्षांत दार बंद होतं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनाही नकाशा, रेहेंते, वकील, राजधानीच्या खेपा हा खर्च आधी करावा लागे आणि अर्ज मंजूर होईलच याची खात्री नसे. १९९०च्या दशकातल्या करारांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना आढळलं की सहभागी झालेले मालक सरासरीने जास्त जमिनीचे, जास्त शिकलेले आणि शेतीबाहेर उत्पन्न असलेले होते. हा दोष कुणी मुद्दाम घडवला नव्हता, तो अर्जाच्या रचनेतच होता. दोन हेक्टरवाल्याला आणि तीनशे हेक्टरवाल्याला कागदपत्रांचा त्रास जवळपास सारखाच, मग कुणाला परवडणार?

त्यावरचा पहिला उपाय चांगल्या हेतूचा होता आणि फसला. छोट्या मालकांनी एखाद्या स्थानिक संस्थेमार्फत एकत्र येऊन एकच सामूहिक करार करावा, खर्च वाटला जाईल, अशी कल्पना. पण करार एकच असल्यामुळे एका सदस्याने अट मोडली की सगळ्या गटाचे पैसे थांबत. शेजाऱ्याची गाय आत शिरली आणि तुमचा हप्ता अडला, असा प्रकार. गावात वैरं व्हायला एवढं पुरे. मग पद्धत बदलली: अर्ज आणि तपासणी गटाने मिळून करायची, पण करार ज्याचा त्याचा. हा बदल कागदावर लहान दिसतो. एकत्र येण्याचा फायदा ठेवून एकमेकांची शिक्षा भोगण्याचा धोका काढून टाकणं, हे ज्यांना सुचलं त्यांनी रानात जाऊन भांडणं ऐकली असणार.

दुसरा बदल अर्जांच्या निवडीत झाला. मागणी कायमच निधीपेक्षा कितीतरी जास्त होती. आधी येईल त्याला आधी, असं धोरण असलं की ज्याला बातमी आधी कळते तो जिंकतो. पुढे गुण देण्याची पद्धत आली: पाणीपुरवठ्याला महत्त्वाचं जंगल, जैविक जोडपट्ट्यातलं, म्हणजे दोन रानांना जोडणाऱ्या पट्ट्यातलं, जंगल, विकासात मागे पडलेला तालुका, पन्नास हेक्टरहून लहान जमीन, अशांना जास्त गुण. सारापिकीतला सान हुआन ते ला सेल्वा हा जोडपट्टा, जिथे लापा वेर्देची घरटी आहेत, तो यामुळे पुढे सरकला. नोंदणीकृत मालकीऐवजी ताबा सिद्ध करून अर्ज करण्याची वाटही हळूहळू उघडली.

तालामांका डोंगररांगेतल्या ब्रिब्री आणि काबेकार लोकांचं उदाहरण वेगळं आहे. तिथे जमीन सामूहिक, त्यामुळे करार त्यांच्या विकास संघटनेशी होतो आणि पैसा समाजाच्या कामांना जातो. तो कसा खर्च व्हावा, कुणाच्या शब्दाने व्हावा, यावर तिथे आतून वाद झाले आहेत, होतातही. पण एक एक मालक शोधण्यापेक्षा मोठं सलग जंगल एका कराराखाली येतं, हे खरं.

पैसा कुठून येतो

अशा बहुतेक योजना दात्यांच्या मर्जीवर जगतात. दाता कंटाळला की योजना संपते. कोस्टा रिकाने सुरुवातीलाच इंधनावरच्या करातला वाटा वनमालकांना बांधून दिला. पहिल्या वर्षांत अर्थखात्याने ठरलेला वाटा पूर्ण सोडला नाही आणि त्यावरून बरीच ओढाताण झाली. २००१च्या करसुलभीकरण कायद्याने तो वाटा साडेतीन टक्क्यांवर आणला. टक्केवारी कमी झाली, पण तेवढा पैसा खात्रीने येऊ लागला. वनमालकाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. पाच वर्षांचा शब्द द्यायचा तर पाच वर्षं पैसा येणार हे आधी ठाऊक हवं.

इंधनकर निवडण्यामागे तर्कही होता: गाड्या धूर सोडतात, जंगल तो शोषतं, मग धुराच्या मालकाने जंगलाच्या मालकाला द्यावं.

त्याखेरीज पाणी वापरणारे आले. १९९७पासून खासगी जलविद्युत कंपन्यांनी आपल्या धरणांच्या वरच्या जंगलांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, कारण डोंगर उघडा पडला की गाळ त्यांच्याच जलाशयात येतो. एरेदिया शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने २००० साली ग्राहकांच्या बिलातच वरच्या जंगलांसाठीचा छोटा आकार घातला. मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो. नळ उघडणाऱ्याला आणि डोंगरावर जंगल राखणाऱ्याला एकमेकांचं नावही माहीत नसतं, पण बिलावरच्या एका ओळीने त्यांचा संबंध जुळतो. पुढे देशभरच्या पाणीवापर शुल्कातला एक भागही निधीकडे वळवला गेला. जागतिक बँकेने २००० साली ३ कोटी २६ लाख डॉलरचं कर्ज दिलं, सोबत ‘जागतिक पर्यावरण सुविधा’ या आंतरराष्ट्रीय निधीचं ८० लाखांचं अनुदान. २०२०च्या अखेरीस कार्बन घटवल्याबद्दल ६ कोटी डॉलरपर्यंतचा करार झाला आणि २०२२मध्ये त्यातले पहिले १ कोटी ६४ लाख मिळाले.

जंगल वाचलं का

२०१०च्या सुमारास अधिकृत मोजणीत जंगल देशाच्या अर्ध्याहून जास्त भागावर आलं. २०२१मध्ये कोस्टा रिकाला अर्थशॉट हा पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जगभर बातमी गेली की वनमालकांना पैसे देऊन एका देशाने जंगल परत आणलं.

ही बातमी मी जशीच्या तशी घ्यायला तयार नाही, आणि योजनेवर जीव असूनही नाही.

संशोधकांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: पैसे दिले नसते तर हे जंगल तुटलं असतं का? १९९७ ते २००० या काळातल्या उपग्रह नोंदी तपासून २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योजनेचा जंगलतोडीवर ठळक परिणाम दिसला नाही. कारण वर आलंच आहे. तोड आधीच मंदावली होती, कुरणांचा फायदा ओसरला होता, आणि पैसे घ्यायला आलेले बरेच मालक असे होते की ज्यांना ते जंगल तोडायचंच नव्हतं. देशाची सरासरी पाहिली तर मोबदला बऱ्याच अंशी जे घडणारच होतं त्यासाठी दिला गेला.

सारापिकीत मात्र चित्र वेगळं निघालं. २०१२च्या अभ्यासाने सहभागी आणि न-सहभागी शेतांची जोडी लावून आठ वर्षांचा काळ पाहिला. सहभागी शेतांवर जंगल वाढलं होतं, आणि ती वाढ करारातल्या सरासरी क्षेत्राच्या ११ ते १७ टक्के होती. ओसा द्वीपकल्पातल्या अभ्यासकांना आणखी वेगळी गोष्ट दिसली: जुनं जंगल वाचण्यापेक्षा सोडून दिलेल्या शेतांवर ‘चाराल’, म्हणजे खुरटं झुडपी रान, वाढू देण्याकडे मालकांचा कल झाला. तेच रान पुढे जंगल होतं.

आणि इथेच कायद्याची दुसरी धार दिसते. झुडपी रानाने सत्तर टक्के छत्र आणि हेक्टरी साठ झाडांची रेघ ओलांडली की ते कायद्याने जंगल ठरतं आणि कायमचं मालकाच्या हातून जातं, मोबदला मिळो वा न मिळो. साहजिकच काही मालक रान त्या रेघेच्या अलीकडेच छाटून टाकतात. यात त्यांचा लोभ पाहणं अन्यायाचं होईल. उद्या गरज पडली तर जमीन आपल्या हातात असावी, एवढीच त्यांची धडपड असते. निधी अपुरा असला की बंदी सगळ्यांना लागू होते आणि मोबदला काहींनाच. २००५च्या अखेरीस करारांखालचं क्षेत्र सुमारे २ लाख ७० हजार हेक्टर होतं, म्हणजे देशातल्या जंगलाच्या दहाव्या भागाइतकं. उरलेल्या खासगी जंगलांच्या मालकांनी तीच बंदी फुकट पाळली.

म्हणून ‘पैशाने किती झाडं वाचली’ एवढाच प्रश्न अपुरा वाटतो. तो पैसा नसता तर कलम १९ इतकी वर्षं टिकलं असतं का, हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर उपग्रहाच्या चित्रात शोधून सापडत नाही. जी बंदी हजारो मालकांना जाचक वाटते, ती पुढच्या निवडणुकीत पातळ होते. ही पातळ झाली नाही. त्यात मोबदल्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. हे सिद्ध करण्याजोगं विधान नाही, पण कायदे कसे मरतात हे पाहिलेल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

पुढचा हप्ता

फेब्रुवारी २०१९मध्ये कोस्टा रिकाने २०५०पर्यंत कार्बनमुक्त होण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. बस, रेल्वे, मोटारी विजेवर आणायच्या. देशाची वीज जवळजवळ सगळी पाणी, वारा आणि भूऔष्णिक ऊर्जेतून येते, तेव्हा हे त्यांना शोभेल असंच आहे.

पण वनमालकाचा हप्ता पेट्रोल-डिझेलवरच्या करातून येतो. रस्त्यावरची दर नवी विजेची मोटार त्या पेटीतले थोडे पैसे कमी करते. १९९०च्या दशकात जो तर्क सुंदर वाटला होता, धुराच्या मालकाने जंगलाच्या मालकाला द्यावं, त्याच्या पोटात ही अडचण पहिल्यापासून होती: धूर संपला तर? जंगल तर तेव्हाही पाणी अडवत असेल, माती धरत असेल. पाण्याच्या शुल्काचा वाटा वाढवणं, कार्बनच्या करारांवर जास्त विसंबणं, शहरांच्या पाणीबिलांत एरेदियासारखी ओळ घालणं, अशा वाटा आहेत. पाण्याच्या वाटेवर माझा जास्त भरवसा आहे, कारण पाणी वापरणारा कुठे जात नाही आणि कार्बनचा खरेदीदार भावाबरोबर येतो-जातो.

सारापिकीतल्या मालकासाठी मात्र हे सगळं एका तारखेवर येऊन थांबतं. करार संपतो, त्या वर्षी नव्या अर्जाची रांग असते, गुणांची यादी लागते आणि नाव वर येतं किंवा येत नाही. नाव आलं नाही तर मोबदला बंद होतो, बंदी राहते. आल्मेंद्रोचं बी पडल्यापासून त्याच्या खोडात पोपटाला मावेल एवढी ढोली होईपर्यंत कित्येक दशकं जातात, आणि मालकाच्या हातातला कागद मोजक्या वर्षांचा असतो.